सावित्रीमाई फुले : प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेला जीव

शिरूर/दौंड : १० मार्च हा सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. मुलींच्या शाळेची माई सगळ्यांना माहिती आहे. पण माई गेल्या कशानं, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. माई गेल्या त्या रुग्णाची सेवा करताना लागलेल्या रोगानं.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० साली जोतिरावांशी लग्न झालं. जोतिरावांनीच त्यांना शिकवलं आणि १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८६३ मध्ये दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवांची बाळंतपणं माईंनी आपल्या हातानं केली. अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत पुढं डॉक्टर झाला.

जोतिराव १८९० ला गेले. माईंनी काम सोडलं नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि बघता बघता पुण्यात पोचला. अंगात ताप, काखेत-जांघेत गाठ, आणि चार-सहा दिवसांत माणूस संपायचा. घरचे लोकसुद्धा जवळ जायला घाबरत. यशवंतराव तेव्हा लष्करात डॉक्टर होते. माईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. दौंडहून सोलापूर रस्त्यानं पुण्यात शिरताना लागतं ते हेच हडपसर.

मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत गायकवाडांचा मुलगा प्लेगनं आजारी असल्याचं माईंना कळलं. वय ६६. तरी त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. मुलगा वाचला. माईंना मात्र प्लेगनं धरलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. यशवंतरावही १९०५ मध्ये प्लेगच्याच साथीत रुग्णसेवा करताना गेले. एकाच घरातले दोन जीव.

प्लेगचा जंतू १८९४ ला सापडला होता. पण उंदरावरच्या पिसवांमुळे तो माणसाला होतो, हे १८९८ ला पुढं आलं. म्हणजे माई गेल्यावर वर्षभरानं. स्वतःला कसं वाचवायचं, हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

आज ते माहिती आहे. आपल्या गावांतून बायका, पोरं पुण्याकडं वृद्धाश्रमात, दवाखान्यात मावशी, वॉर्डबॉय, केअरटेकर म्हणून कामाला जातात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं अंग पुसणं, डायपर बदलणं, भरवणं हे सगळं तेच करतात. त्यांनी एवढं तरी पाळावं. रुग्णाला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणानं पाऊण ते एक मिनिट हात धुवावेत. शी-शू, रक्त, पू यांचं काम असेल तर ग्लोव्हज घालावेत, आणि एकाचे ग्लोव्हज दुसऱ्या रुग्णाला वापरू नयेत. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचेच. घाण चादर झटकू नये, गुंडाळून उचलावी. खोकणाऱ्या रुग्णाजवळ मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी. आपल्या हाताला जखम असेल तर झाकावी. आपल्यालाच ताप, जुलाब असतील तर सांगून सुट्टी घ्यावी, कारण म्हाताऱ्या माणसाला साधा आजारही झेपत नाही.

पण साबण, ग्लोव्हज, मास्क हे मावशीनं आपल्या पगारातून आणायचं नसतं. ते देणं संस्थाचालकाचं काम आहे, आणि मागताना लाजायचं कारण नाही. माईंच्या फोटोला हार घालणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपल्या मावशींच्या हाताजवळ साबण आणि पाणी आहे का, तेही एकदा बघावं. दुसऱ्याची सेवा करणारा माणूस त्याच रोगानं जाऊ नये, एवढं तरी आता आपल्या हातात आहे.