बेंजामिन फ्रँकलिन (स्वयंसेवी अग्निशमन दलांचे प्रवर्तक)

बेंजामिन फ्रँकलिन (१७ जानेवारी १७०६, बॉस्टन – १७ एप्रिल १७९०, फिलाडेल्फिया) हे अमेरिकन मुद्रक, पत्रकार, वैज्ञानिक आणि मुत्सद्दी होते. विजेवरील प्रयोग आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील त्यांचा सहभाग सर्वपरिचित आहे. त्या मानाने त्यांचे नागरी कार्य मराठी वाचकांना कमी ठाऊक आहे. फिलाडेल्फिया शहरात त्यांनी १७३६ मध्ये स्वयंसेवी अग्निशमन कंपनी स्थापन केली. आग विझवणारी माणसे फुकट मिळाली तरी बंब, शिड्या आणि बादल्या फुकट मिळत नाहीत, या अडचणीवर त्यांनी व्यवहार्य तोडगा काढला. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा परामर्श मुख्यतः या अंगाने घेतला आहे.

पूर्वायुष्य

फ्रँकलिन यांचे वडील जोसाया हे इंग्लंडमधून बॉस्टनला स्थलांतरित झालेले मेणबत्त्या व साबण तयार करणारे कारागीर होते. सतरा अपत्यांपैकी बेंजामिन पंधरावे. शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षे झाले. बाराव्या वर्षी थोरले बंधू जेम्स यांच्या छापखान्यात ते उमेदवारी करू लागले. भावाशी न पटल्यामुळे १७२३ मध्ये ते घर सोडून फिलाडेल्फियाला आले. पुढे लंडनमध्ये दीड वर्ष काम करून ते परतले आणि १७२८ मध्ये त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. १७२९ पासून ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हे वृत्तपत्र त्यांच्या हाती आले. १७३० मध्ये डेबोरा रीड यांच्याशी त्यांनी संसार मांडला.

१७२७ मध्ये कारागीर व व्यापारी तरुणांचे ‘जंटो’ नावाचे मंडळ त्यांनी स्थापन केले होते. दर शुक्रवारी भरणाऱ्या या मंडळात शहराच्या गैरसोयींवर निबंध वाचले जात. फ्रँकलिन यांच्या बहुतेक सार्वजनिक योजना आधी येथे मांडल्या गेल्या, मग वृत्तपत्रात छापल्या गेल्या आणि त्यानंतर वर्गणीला हात घातला गेला. १७३१ च्या वर्गणीदार ग्रंथालयात पहिल्या पन्नास सभासदांनी प्रवेशाचे ४० शिलिंग व पुढे दरवर्षी १० शिलिंग देण्याचे मान्य केले होते. या कामात त्यांना एक धडा मिळाला. योजना एका माणसाच्या नावावर मांडली, तर लोकांना त्यात त्याची प्रौढी दिसते. म्हणून पुढे ते प्रत्येक योजना काही मित्रांची म्हणून पुढे करीत.

फिलाडेल्फियातील आगी

त्या काळी घरोघरी उघड्या चुली व शेकोट्या असत. धुराड्यांत काजळी साचे आणि निखारे फावड्यावर ठेवून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले जात. फ्रँकलिन यांच्या बालपणी, १७११ मध्ये, बॉस्टनचा मध्यवर्ती भाग आगीत जळाला होता. फिलाडेल्फियाने १७१८ मध्ये इंग्लंडमधून आणलेला एक हातबंब विकत घेतला होता, परंतु एका बंबावर वाढत्या शहराचे रक्षण होणे शक्य नव्हते. १७३० मध्ये नदीकाठच्या फिशबोर्न धक्क्यावर लागलेल्या आगीत गोदामे व घरे भस्मसात झाली. चांगले बंब असते तर आग पसरली नसती, असे मत ‘गॅझेट’ने नोंदवले. त्यानंतर नगरपालिकेने बंब, बादल्या, शिड्या व आकडे घेण्याचे ठरवले. मात्र साधने आली तरी ती चालवण्यासाठी नेमलेली माणसे नव्हती. आग लागली की गर्दी जमे. त्या गर्दीत मदत करणारे असत, बघे असत आणि सामान लांबवणारेही असत.

फेब्रुवारी १७३५ मध्ये फ्रँकलिन यांनी टोपणनावाने वृद्ध नागरिकाच्या पत्राच्या रूपात एक लेख प्रसिद्ध केला. निखारे झाकून नेणे, चुलीभोवती लाकडी नक्षी टाळणे, धुराडी साफ करणाऱ्यांना महापौरांकडून परवाने देणे अशा सूचना त्यात होत्या. बॉस्टनमधील अग्निसंघाचा दाखला त्यांनी दिला. १७१७ मधील तो संघ मुख्यतः आपल्या सभासदांची मालमत्ता वाचवण्यासाठी होता. फ्रँकलिन यांनी ती कल्पना शहराच्या गरजेनुसार बदलली.

युनियन फायर कंपनी

७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. सभासदसंख्या तीसच्या घरात होती. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या तयार ठेवायच्या, असा करार झाला. बादल्या पाण्यासाठी व पिशव्या जळत्या घरातील सामान भरून सुरक्षित स्थळी नेण्यासाठी होत्या. त्यांवर सभासदाची आद्याक्षरे असत आणि अन्य कामासाठी त्या वापरण्यास मनाई होती. ज्याने साहित्य सज्ज ठेवले नाही, त्याला दंड होई.

दरमहा एका संध्याकाळी बैठक व भोजन होई. आगीसंबंधीचे अनुभव सांगितले जात. गैरहजर सभासदाकडून किरकोळ दंड घेतला जाई आणि तो कंपनीच्या पेटीत जमा होई. या पैशातून बंब, शिड्या व आकडे घेतले गेले. व्यवस्था साधी वाटते, पण ती विचारपूर्वक केलेली होती. वैयक्तिक साधनांचा खर्च ज्याचा त्याने करायचा आणि सामाईक साधनांसाठी दंडाचा निधी वापरायचा, अशी विभागणी होती. आळशी सभासदही न कळत बंबाला हातभार लावीत असे.

सभासद होण्यासाठी अनेक जण उत्सुक होते. कंपनी मोठी न करता फ्रँकलिन यांनी त्यांना वेगळी कंपनी काढण्याचा सल्ला दिला. त्यातून फेलोशिप (१७३८), हँड-इन-हँड (१७४२), हार्ट-इन-हँड (१७४३), फ्रेंडशिप (१७४७) या कंपन्या उभ्या राहिल्या. स्वखर्चाने बादल्या घेणारे व दंड भरू शकणारे हे लोक अर्थात खाऊनपिऊन सुखी होते. मजुरांना यात स्थान नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. अग्निशमन कंपन्या निघाल्यापासून शहरात एका वेळी एकदोन घरांपेक्षा अधिक नुकसान झाले नाही, असे फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात अभिमानाने नमूद केले आहे.

आगीचा निधी आणि तोफ

जमलेला पैसा कशावर खर्च करावा, हा प्रश्न १७४७-४८ च्या सुमारास उभा राहिला. इंग्लंड व फ्रान्स यांच्या युद्धामुळे डेलावेअर नदीतून शत्रूची जहाजे येण्याची भीती होती. शहराच्या संरक्षणासाठी तोफखाना उभारावा म्हणून फ्रँकलिन यांनी लॉटरी काढली. अग्निशमन कंपनीच्या शिलकीतील सुमारे ६० पौंडांची तिकिटे घ्यावीत, असा ठराव त्यांनी मांडला. परंतु तीसपैकी बावीस सभासद क्वेकर पंथाचे होते आणि क्वेकरांचा युद्धाला तत्त्वतः विरोध होता. पुढील बैठकीपर्यंत पैशाच्या ठरावावर मतदान करायचे नाही, असा कंपनीचा नियम होता.

ठरलेल्या दिवशी क्वेकरांपैकी जेम्स मॉरिस हे एकटेच विरोध नोंदवण्यासाठी आले. बाकीचे येतील म्हणून ते वेळ वाढवून मागत राहिले. तेवढ्यात दोन क्वेकर सभासद खाली येऊन फ्रँकलिन यांना भेटले. आपण आठ जण जवळच्या खानावळीत बसलो आहोत. गरज पडली तर येऊन ठरावाच्या बाजूने मत देऊ, पण शक्यतो बोलावू नये, असा त्यांचा निरोप होता. फ्रँकलिन यांनी निर्धास्तपणे एक तासाची मुदत दिली. आणखी कोणी आले नाही आणि ठराव आठ विरुद्ध एक मताने संमत झाला.

ठराव फेटाळला गेलाच, तर काय करायचे याचाही विचार त्यांनी केला होता. चांदीकाम करणारे सभासद फिलिप सिंग यांना त्यांनी सांगितले होते की, तसे झाल्यास आपण बंब घेण्याचा ठराव मांडू, खरेदीसाठी दोघे एकमेकांची नावे सुचवू आणि त्या पैशातून तोफ विकत घेऊ. इंग्रजीत बंबाला ‘आगीचे यंत्र’ म्हणतात आणि तोफही आगीचे यंत्रच, असा त्यातला श्लेष. विनोद झकास आहे. पण आग विझवण्यासाठी दिलेला पैसा तोफेकडे वळवताना मॉरिस यांनी केलेला विरोध मात्र निव्वळ हटवादीपणा म्हणून सोडून देता येत नाही. सार्वजनिक निधी ज्या हेतूने गोळा झाला त्याच हेतूवर खर्च व्हावा, हे तत्त्व आजच्या कोणत्याही वर्गणीदाराला पटेल.

अग्निविमा

आग विझली तरी घर गेलेल्याचे नुकसान भरून येत नसे. १७५२ मध्ये फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील परस्पर विमासंस्थेच्या धर्तीवर ‘फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्युशनशिप’ ही संस्था काढली. विमाधारकाने सात वर्षांसाठी ठेव ठेवायची आणि सामाईक निधीतून नुकसानभरपाई द्यायची, अशी तिची पद्धत होती. विमा देण्यापूर्वी घराची पाहणी होई. एकमेकांची मनगटे धरलेल्या चार हातांचे चिन्ह विमा उतरवलेल्या घरावर लावले जाई. येथेही गैरहजर संचालकांना दंड होता. त्या पैशातून १७६० च्या दशकात फिलाडेल्फिया ते ट्रेंटन मार्गावर मैलाचे दगड बसवण्यात आले. घरासमोर झाड असल्यास बंबाला अडथळा होतो, म्हणून संस्थेने १७८१ मध्ये अशा घरांचा विमा नाकारला. तेव्हा वृक्षप्रेमी घरमालकांनी १७८४ मध्ये वेगळी विमासंस्था काढली. मूळ संस्था आजही कार्यरत आहे.

इमारतींसाठी वर्गणी

१७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया रुग्णालयासाठी वर्गणी पुरेना, तेव्हा फ्रँकलिन यांनी विधिमंडळाकडून सशर्त अनुदान मंजूर करून घेतले. लोकांनी २,००० पौंड जमवले तर सरकार तेवढेच देईल, अशी अट होती. एवढी रक्कम जमणारच नाही, या समजुतीने विरोधकांनीही फुकटच्या पुण्यासाठी संमती दिली. उलट, आपला प्रत्येक पौंड दुप्पट होणार हे पाहून लोकांनी हात मोकळा सोडला आणि रक्कम जमली. प्रार्थनागृह बांधू इच्छिणाऱ्या गिल्बर्ट टेनंट या धर्मोपदेशकांना त्यांनी सल्ला दिला होता : जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जावे, मग त्यांची यादी साशंक लोकांना दाखवावी आणि जे देणार नाहीत असे वाटते त्यांनाही वगळू नये, कारण त्यांच्यापैकी काहींबाबत आपला अंदाज चुकतो. टेनंट यांनी तसेच केले आणि त्यांची इमारत उभी राहिली.

उत्तरायुष्य व नंतरचा काळ

१७४८ मध्ये फ्रँकलिन छापखान्यातून निवृत्त झाले. १७५२ चा पतंगाचा प्रयोग, वीजवाहक दांडा, इंग्लंड व फ्रान्समधील दीर्घ वास्तव्य, १७८७ ची घटनासभा हे टप्पे सुपरिचित आहेत. आयुष्याच्या मध्यात स्वतः गुलाम बाळगणारे फ्रँकलिन १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. मृत्युपत्रात त्यांनी बॉस्टन व फिलाडेल्फिया यांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. तरुण कारागिरांना कर्जे देत हा निधी दोनशे वर्षे वाढवायचा होता.

एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियातील कंपन्या वाढल्या. बंब सजवण्यात चढाओढ आणि आगीच्या जागी मारामाऱ्या होऊ लागल्या. अखेर १८७१ मध्ये शहराने पगारी अग्निशमन दल सुरू केले. पेनसिल्व्हेनियाच्या गावांत मात्र स्वयंसेवी दले आजही आहेत. बंब व इमारतींसाठी राज्य त्यांना अल्प व्याजाने कर्ज देते. राज्याबाहेरील विमा कंपन्यांच्या अग्निविमा हप्त्यांवरील दोन टक्के कर स्वयंसेवकांच्या साहाय्य संघांना मिळतो. २००१ पासून मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानासाठी दलाला स्वतःचा काही हिस्सा घालावा लागतो. उरलेली गरज अजूनही गावजेवणे, सोडती आणि दारोदारच्या वर्गणीतून भागवली जाते.