गोदावरीबाई आणि शेतीचा सल्ला

मोहने गावापासून टिटवाळा दूर नाही. आंबिवलीस गाडीत बसले की पुढचेच स्थानक. लोकांना ते महागणपतीमुळे ठाऊक असते. ७ जानेवारी १९४५ रोजी याच टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली होती आणि दूरच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली तीस आले होते, ही हकीकत मात्र आमच्या परिसरातही क्वचितच निघते. त्या परिषदेमागे ज्यांची पायपीट होती, त्या गोदावरीबाई परुळेकरांचे चरित्र आज पुन्हा पाहण्याजोगे आहे. आदिवासी शेतकऱ्यापर्यंत शेतीचा सल्ला कसा पोहोचवावा, याविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. सल्ला घेणारा तो स्वीकारण्यास मोकळा आहे काय, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्याच्या एका सुखवस्तू गोखले घराण्यात त्या जन्मल्या. वडील नामांकित वकील. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या, पुढे कायद्याचीही पदवी घेतली आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह झाला. दोघेही समाजातून बाहेर पडून कम्युनिस्ट पक्षात गेले.

उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत त्यांना जे दिसले, त्यास मागासलेली शेती म्हणणे अपुरे ठरेल. जमीन सावकार-जमीनदाराची, कसणारा वारली कूळ. पावसाळ्यात खावटीचे धान्य घ्यावयाचे आणि सुगीस ते वाढीसह फेडावयाचे. मालकाच्या शेतावर वेठ, तीही विनामोबदला. लग्नासाठी कर्ज काढणारा तर पत्नीसह लग्नगडी होऊन राबत असे. अशा कुळास कोणी सुधारलेले बियाणे दिले असते, तरी वाढीव पीक मालकाच्याच खळ्यात गेले असते. आम्ही वर्गात उत्पादकता शिकवितो. तिचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न बहुधा तास संपल्यावर उरतो.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही, दिवसास बारा आणे मजुरी घेतल्यावाचून काम करावयाचे नाही, असे तेथे ठरले. पुढे पाड्यापाड्यांतून लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले, तरी चळवळ मोडली नाही. १९४६ मध्ये गवतकापणीसाठी पाचशे पौंडांस अडीच रुपये अशी मागणी झाली. वजनावर दर मागणाऱ्याला आपल्या श्रमाचे माप स्वतः घेता येते. मला ही मागणी झरीच्या ठरावाइतकीच महत्त्वाची वाटते.

या थोरवीपुढेही एक उणीव नोंदविली पाहिजे. त्याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर १९४९ पासून गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था उभी राहिली. एकीकडे हक्काची चळवळ, दुसरीकडे शेतीचे ज्ञान. हे दोन प्रवाह व्हावयास हवे होते तितके एकजीव झाले नाहीत, असे माझे मत आहे. दोष एकट्या कोणाचा नव्हे.

१९६५ मध्ये शामराव तुरुंगातच निवर्तले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हा अनुभवग्रंथ लिहिला. त्यास १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, वनहक्क कायदा झाला. तरीही शेतीविषयक योजनांचा आरंभ अद्याप जमिनीच्या नोंदीपासूनच होतो. ज्याच्या नांगराखालची जमीन कागदोपत्री वनखात्याची आहे, त्याचे नाव सहायक कृषी अधिकाऱ्याच्या यादीत कोठून यावे? आणि पिकावर रोग पडला म्हणजे तो विचारावयास जातो कोणाकडे, तर उधारीवर औषध देणाऱ्या दुकानदाराकडे.