नोबेलचा विसरलेला धडा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीपासून तळवडे फार दूर नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी तेथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागली आणि अनेक कामगार प्राणास मुकले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यानंतर दोनच दिवसांनी आल्फ्रेड नोबेलची पुण्यतिथी होती. पारितोषिकामुळे हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्या नावामागील दुःख मात्र क्वचितच कोणास ठाऊक असते.

नोबेलचा जन्म 1833 साली स्टॉकहोम येथे झाला. त्या काळी खडक फोडावयास बंदुकीची दारू हेच साधन होते. 1863 मध्ये खुल्या झालेल्या आपल्या बोरघाटातील लोहमार्गाचे बोगदेही याच दारूने कोरले गेले. ही दारू कणाकणाने पेटत जाते. सोब्रेरो या इटालियन रसायनज्ञाने 1847 मध्ये शोधलेल्या नायट्रोग्लिसरीनची रीत निराळी. त्यात आघाताची लाट सेकंदाला काही किलोमीटर वेगाने धावते व वाटेतील रेणू तत्क्षणी मोडीत जाते. वस्तुतः किलोभर दगडी कोळशातील उष्णता किलोभर नायट्रोग्लिसरीनहून कितीतरी अधिक असते. परंतु कोळशाला हवेतील प्राणवायूची वाट पाहावी लागते. नायट्रोग्लिसरीनच्या रेणूतच तो सामावलेला असतो. संहाराचे रहस्य शक्तीच्या साठ्यात नसून ती किती अल्पकाळात मुक्त होते, यात आहे.

या उच्छृंखल द्रवाला वेसण घालण्याचा ध्यास नोबेलने घेतला. 3 सप्टेंबर 1864 रोजी स्टॉकहोममधील त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि धाकटा भाऊ एमिल व अन्य काही जण मृत्यू पावले. नगराच्या हद्दीत असे काम करण्यास शासनाने मनाई केली, तेव्हा नोबेलने मेलारेन सरोवरातील एका पडावावर आपले काम हलविले. 1867 मध्ये सच्छिद्र मातीत ते द्रव जिरवून त्याने डायनामाइट सिद्ध केले. हाताळताना ते पुष्कळसे निर्धोक होते आणि ठरावीक प्रारंभिक आघात मिळाल्यावरच फुटे. त्यातून बोगदे व कालवे झाले, तशीच युद्धसामग्रीही झाली. 1887 मध्ये नोबेलने स्वतःच धूरविरहित दारू सिद्ध केली होती. 1895 च्या मृत्युपत्राने त्याने आपली बहुतेक संपत्ती मानवहिताच्या पारितोषिकांसाठी ठेवली. 10 डिसेंबर 1896 रोजी इटलीतील सान रेमो येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या दातृत्वाचे गुणगान दरवर्षी होते. परंतु ज्वालाग्राही द्रव्य माणसांच्या वस्तीपासून दूर असावे आणि ते हाताळणाऱ्याला त्याचा स्वभाव ठाऊक असावा, हा एमिलच्या मृत्यूने दिलेला धडा त्या गुणगानात हरवतो. शोभेच्या मेणबत्तीची दारू डायनामाइट नव्हे, हे खरे. पण बंद खोलीत कोंडलेल्या कामगारांना तो भेद वाचवू शकत नाही. स्टॉकहोमच्या शासनाने 1864 मध्ये दाखविलेली दक्षता आपल्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचावयास आणखी किती वर्षे लागावीत? कारखाना तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, मालकाने आणि वर्गात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा. नोबेलचे खरे स्मरण तेच ठरेल.