कॉर्नेलिया सोराबजी : परीक्षा पास, पण वकिलीचं दार बंद



१५ नोव्हेंबर हा कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्मदिवस. भारतातल्या पहिल्या महिला वकील, एवढी एक ओळ सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असते आणि मुलं ती पाठ करतात. पण कायद्याची परीक्षा पास झाल्यापासून वकील म्हणून नाव लागेपर्यंत त्यांना जवळपास तीस वर्षं थांबावं लागलं, हे त्या ओळीत येत नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. परिपाठात किंवा घरी मुलांना सांगायला उपयोगी पडेल.

आधी 'बार' म्हणजे काय ते बघू

मुलांना बार म्हटलं की रस्त्यावरची पाटी आठवते! इथे अर्थ वेगळा आहे. जुन्या इंग्लिश कोर्टात न्यायाधीशांची बाजू आणि बाकीच्या लोकांची बाजू यांच्यामध्ये एक कठडा असे. त्याला बार म्हणत. त्या कठड्याशी उभं राहून बोलण्याचा हक्क ज्यांना, ते वकील. पुढे वकिलांच्या सगळ्या समुदायालाच बार म्हणू लागले.

आज आपल्याकडे या नावाच्या दोन संस्था आहेत. त्यात नेहमी घोटाळा होतो.

१) बार कौन्सिल : ही कायद्याने स्थापन झालेली संस्था. आपल्या राज्यासाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल आहे. ती वकिलीची सनद देते आणि वकील चुकीचा वागला तर चौकशीही करते.

२) बार असोसिएशन म्हणजे वकील संघ : हा त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी स्वतः चालवलेला संघ. बसायची खोली, ग्रंथालय, नवीन वकिलांना ज्येष्ठांकडून मिळणारं शिक्षण, कोर्टातल्या अडचणी न्यायाधीशांपुढे मांडणं, ही कामं संघ करतो.

आता विचार करा. पदवी विद्यापीठ देतं, पण कठड्यापाशी उभं राहायला या मंडळींनी आत घ्यावं लागतं. कॉर्नेलियाबाईंचं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरलं.

नाशिकपासून ऑक्सफर्डपर्यंत

कॉर्नेलिया यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. घरातच शाळा, त्यामुळे मुलींनी शिकायचं हे घरात ठरलेलंच होतं.

कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. नंबर वरचा होता. त्या नंबरावर इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. पण ती त्यांना नाकारली, कारण त्या स्त्री होत्या. गुण होते, नियमात बसत होत्या, तरी मिळाली नाही. मग त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. शेवटी इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी जमवली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता.

१८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. कायद्याच्या परीक्षेला मुलीला बसू द्यायचं की नाही यावर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण ऑक्सफर्ड तेव्हा महिलांना पदवीच देत नव्हतं!

पास झाल्या, पुढे काय?

भारतात परतल्यावर त्यांनी पडद्यात राहणाऱ्या बायकांची कामं हाती घेतली. त्या काळी मोठ्या जमीनदार घरातल्या विधवांना परपुरुषासमोर येता येत नसे. मग वकिलाला कसं भेटणार? कागदावर अंगठा कुठे लावला, जमीन कोणाच्या नावावर गेली, हेही त्यांना कळत नसे. आपल्या इटियाडोह धरणाच्या भागात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. सातबारा, फेरफार, वारसान ही कामं घेऊन कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाईला कायदा सांगणारं माणूस मिळणं किती मोठी गोष्ट आहे!

काठियावाड आणि इंदूरकडे ब्रिटिश एजंटापुढे बाजू मांडायची खास परवानगी त्यांना मिळाली, पण वकील म्हणून नाव लागलं नाही. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबीची परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही नाही!

मग त्यांनी दुसरी वाट काढली. अशा बायकांसाठी सरकारने महिला कायदा सल्लागार नेमावी, असा पाठपुरावा केला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढच्या काळात ६०० हून अधिक बायका आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली, काही वेळा फी न घेता.

दार उघडलं, पण...

१९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने फेटाळला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटणा हायकोर्टाने नकार दिला. त्याच १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलिया यांना वकील म्हणून नोंदवून घेतलं. १९२३ मध्ये कायदाच झाला, की स्त्री आहे म्हणून कोणाला वकिली नाकारता येणार नाही. लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेनेही त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. तेव्हा त्यांचं वय होतं ५६.

पण पुढचं ऐका. कलकत्त्यात त्या वकिली करू लागल्या, तरी पुरुष वकिलांच्या त्या जगात त्यांच्या वाट्याला बहुतेक कागदावर सल्ला लिहून द्यायचंच काम आलं. कोर्टात उभं राहून बोलण्याची संधी फारशी मिळाली नाही. सनद कायद्याने मिळाली, पण सोबत्यांनी आपलं मानणं कायद्याने मिळत नाही. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. त्या ब्रिटिश राजवटीच्या बाजूने होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यामुळे त्या काळात अनेक लोक त्यांच्यापासून दुरावले. मोठ्या माणसांची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नसतं. त्यांचं काम आणि त्यांची मतं दोन्ही मुलांसमोर ठेवा.

आजची स्थिती

आज कायद्याच्या वर्गात मुली भरपूर दिसतात. पण वकील संघाच्या कार्यकारिणीत बायका किती? हा प्रश्न इतका खरा आहे की २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला आपल्याच बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवायला सांगावं लागलं.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१) गुण असूनही कॉर्नेलिया यांना शिष्यवृत्ती का मिळाली नाही?
२) बार कौन्सिल आणि वकील संघ यांत फरक काय?
३) आपल्या वर्गात, खेळात किंवा बालसभेत आपण कोणाला नुसतं नावापुरतं घेतो का?

तिसरा प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःला विचारावा. शाळा व्यवस्थापन समितीत महिला सदस्य कागदावर असतात. बैठकीत त्यांना बोलायला किती वेळ मिळतो, ते पुढच्या बैठकीत नक्की बघा.