स्वामी कुवलयानंद : दोन गुरूंचा एक शिष्य

आमच्या अणदूर-नळदुर्ग भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. फडात पहिलवानाचं नाव पुकारतात, त्याचं गाव सांगतात आणि लगेच वस्तादाचं नावही सांगतात. अमक्या वस्तादाचा पठ्ठा! डाव पठ्ठ्याचा असला तरी तालीम कुणाची आहे, हे लोकांना कळलं पाहिजे. गाण्यात घराणं असतं तसंच हे. चीनमध्येही वेगळं नाही. तिथली ताई-ची ही विद्या चेन घराण्याची. एकोणिसाव्या शतकात यांग लू-चान नावाचा बाहेरचा माणूस ती त्यांच्याकडे शिकला, त्याने ती बीजिंगला नेली आणि मग यांग घराणं सुरू झालं. होस्टेलमध्ये आपण रात्र-रात्र जागून कुंग-फूचे जे सिनेमे बघतो, त्यात तरी दुसरं काय असतं? गुरूच्या नावासाठीच सगळी मारामारी!

पण मित्रांनो, या परंपरेत एक अडचण आहे. गुरूने शिकवलेली क्रिया बरोबर आहे, पण तिचं सांगितलेलं कारण तपासावंसं वाटलं, तर शिष्याने काय करायचं? गप्प बसायचं की गुरूला सोडून द्यायचं? आखाड्यात तयार झालेल्या आणि पुढे प्रयोगशाळेत गेलेल्या एका मराठी माणसाने यावर तिसरा मार्ग काढला. त्याचं नाव जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद.

जगन्नाथचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधल्या डभोई इथे झाला. घर मराठी, परिस्थिती बेताची. मुलगा मात्र हुशार. १९०३ साली मॅट्रिक झाला आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. मग बडोदा कॉलेज. त्या काळात तिथे अरविंद घोष शिकवत होते. एकीकडे त्यांचा प्रभाव, दुसरीकडे लोकमान्य टिळकांचं राजकारण. तरुणांच्या डोक्यात एकच विषय होता, देश! पण गुलामीतून उठायचं तर अंगात बळ नको का? हा प्रश्न जगन्नाथला बडोद्याच्या एका आखाड्यात घेऊन गेला.

हा आखाडा म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर. नावापासूनच त्याची गोष्ट सुरू होते. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव हे हिंदू. शिष्याने गुरूची विद्या पुढे चालवली आणि आखाड्याला नाव दिलं ते गुरूचं. राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून पुढे त्यांची ख्याती झाली. कुस्ती, मलखांब, लाठी, दांडपट्टा अशा देशी विद्या त्यांच्याकडे शिकायला मिळत. या विद्या पूर्वीपासून एकेकट्याला शिकवल्या जात. वस्तादासमोर एक पठ्ठा, फार तर चार. माणिकरावांनी त्या शेकडो मुलांना एका वेळी, एका तालात करता येतील अशा बसवल्या. याला ते संघव्यायाम म्हणत. कवायतीच्या आज्ञा इंग्रजीतून न देता आपल्या भाषेतून द्याव्यात, असाही त्यांचा आग्रह होता. माझी शाळा कॉन्व्हेंटची. आमच्या पी.टी.त सगळं ‘अटेन्शन’ आणि ‘स्टँड अॅट ईज’मध्येच चालायचं. त्यामुळे ‘सावधान’, ‘विश्राम’साठीसुद्धा कुणाला झगडावं लागलं असेल, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

१९०७ ते १९१० अशी तीन वर्षं जगन्नाथ माणिकरावांकडे शिकला. दिवसा कॉलेज आणि बाकीच्या वेळेत आखाडा. १९१० साली तो पदवीधर झाला. लक्षात घ्या, शाखा कला! सायन्सशी काही संबंध नाही.

पुढे गुणे शिक्षक झाले आणि खानदेशात अमळनेरला गेले. हे तेच अमळनेर, जिथे नंतर साने गुरुजी शिक्षक होते. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजात गुणे प्राचार्यपदापर्यंत पोचले. पण इंग्रज सरकारला राष्ट्रीय शिक्षण कसं रुचणार? १९२० साली ते कॉलेज बंद पडलं.

त्याआधी १९१९ मध्ये त्यांना दुसरे गुरू भेटले होते. नर्मदाकाठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. आखाड्यात कमावलेलं शरीर घेऊन गुणे त्यांच्याकडे गेले आणि योग शिकले. मुंबईत १९१८ साली योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र हेही माधवदासांचेच शिष्य. एका गुरूचे दोन शिष्य आणि दोघांनीही योग गुहेतून बाहेर आणला! १९२१ साली माधवदास गेले. गुण्यांना गुरूचा सहवास मिळाला तो जेमतेम दोन वर्षांचा.

आता ते कुवलयानंद झाले होते. गुरूकडून मिळालेल्या क्रियांचे परिणाम ते स्वतःच्या शरीरावर अनुभवत होते. पण ‘अनुभव आला’ एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. शरीरात नेमकं काय घडतं? हे कळायला एकच उपाय होता, मोजायचं. १९२४ साली बडोद्याच्या सरकारी हॉस्पिटलात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळचे एक्स-रे काढून घेतले. कला शाखेचा पदवीधर, संस्कृतचा स्कॉलर, एक्स-रे मशीनसमोर उभा! आपण लॅबमध्ये रीडिंग मित्राच्या फाइलवरून उतरवतो, त्या पार्श्वभूमीवर हे जरा टोचतंच.

यातला नौलीचा प्रयोग आपल्या, विशेषतः मेकॅनिकलवाल्यांच्या, लगेच लक्षात येईल. बस्ती नावाची एक जुनी योगक्रिया आहे. साधक पाण्यात बसतो, गुदद्वारात नळी असते, नौली केली की पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढतं. पंप नाही, काही नाही. जुने साधक याचं कारण प्राण-अपान अशा वायूंच्या भाषेत सांगत. कुवलयानंदांनी आतला दाब मोजला. श्वास पूर्ण सोडून, छाती वर उचलून पोट आत खेचलं आणि मधले स्नायू वेगळे उभे केले की पोटाच्या पोकळीचं आकारमान वाढतं. आकारमान वाढलं की दाब घटतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की बाहेरची हवाच पाण्याला आत ढकलते. म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्सचा पहिला धडा!

आता खरी गंमत पुढे आहे. या कमी दाबाला, म्हणजे आंशिक निर्वाताला, त्यांनी नाव काय द्यावं? ‘माधवदास व्हॅक्यूम’! ज्या प्रयोगाने परंपरेतलं जुनं स्पष्टीकरण बाजूला सारलं, त्याच प्रयोगाच्या निष्कर्षाला परंपरेतल्या गुरूचं नाव. दाबाच्या एककाला आपण पास्कलचं नाव देतो, बलाच्या एककाला न्यूटनचं. तोच मान नर्मदाकाठच्या एका योग्याला मिळाला. गुरू जाऊन तेव्हा अवघी तीन वर्षं झाली होती.

त्याच १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि तिथून ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिकही. त्यात एका बाजूला जुन्या ग्रंथांचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला प्रयोगांची आकडेवारी. योगाच्या बाजूने जे निघेल तेवढंच छापायचं, असं त्यांनी केलं नाही. प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक सांगत आणि आजही सांगतात. कुवलयानंदांनी मोजमाप केलं आणि प्राणायामाचं खरं मोल ऑक्सिजनच्या वाढीत नाही, असा निष्कर्ष मांडला. आपल्याच पक्षाचा लाडका मुद्दा आपणच खोडायचा, याला पहिलवानाची छाती लागते! त्यांची साधनं साधी होती, प्रयोगातली माणसं थोडी होती, आजच्या निकषांवर ते प्रयोग अपुरे वाटतील. पण तपासायची सवय त्यांनी लावली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठातले कोवूर बेहनन हे संशोधक लोणावळ्याला येऊन त्यांच्याकडे शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक लिहिलं.

मग पहिल्या गुरूचं काय झालं? त्यांनाही शिष्य विसरला नाही. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात कुवलयानंदांचा मोठा वाटा होता. शाळेतल्या मुलांना योग शिकवायचा तर तो एकांतात बसून कसा शिकवणार? इथे माणिकरावांचा आखाडा कामी आला. आसनं रांगेत, आज्ञेवर, तालात करायची पद्धत त्यांनी बसवली आणि १९३६ च्या आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं ‘यौगिक संघ व्यायाम’. त्यातला ‘योग’ माधवदासांचा आणि ‘संघव्यायाम’ माणिकरावांचा. आज २१ जूनला ग्राउंडवर ओळीने सतरंज्या टाकून आपण जे करतो, त्याची एक मुळी बडोद्याच्या त्या आखाड्यात आहे. माधवदासांकडे एकट्याने शिकलेली विद्या जुम्मादादांच्या घराण्याच्या शिस्तीने शाळेपर्यंत गेली, असंही म्हणता येईल.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले. कैवल्यधाम आजही लोणावळ्यात चालू आहे.

दरवर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अॅक्नॉलेजमेंटचं एक पान असतं. बहुतेक वेळा ते सीनियरच्या रिपोर्टमधून जसंच्या तसं येतं, फक्त गाइडचं नाव बदलतं. (सरांनाही हे माहीत असतं!) गुरूचं नाव असं छापणं सोपं आहे. गुरूने जे दिलं ते तपासून बघणं, चुकलेलं बदलणं, उरलेलं पुढे नेणं आणि मग सर्वांसमोर त्यांचं नाव घेणं, हे अवघड. माणिकरावांनी ते आपल्या पद्धतीने केलं आणि कुवलयानंदांनी आपल्या. आपल्याला शिकवणाऱ्यांना ‘सर, हे असंच का?’ असा प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. व्हायवाची भीती थोडी बाजूला ठेवून यंदा निदान एकदा तरी तो विचारून बघू या.