विश्लेषण : गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाला पैसा कुणी पुरवला? कोण होत्या कॅथरीन मॅककॉर्मिक?

महिलांच्या आरोग्याशी संबंधित तंत्रज्ञानाला भांडवल का मिळत नाही, हा एक प्रश्न. विज्ञान-तंत्रज्ञान संस्थांत महिला कमी का, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची चर्चा सहसा वेगवेगळी होते. अमेरिकेतील कॅथरीन डेक्स्टर मॅककॉर्मिक यांनी मात्र या दोन्हींसाठी स्वतःची संपत्ती खर्च केली.

प्रयोगशाळेत टोपीवरून वाद?

कॅथरीन यांचा जन्म १८७५ मध्ये मिशिगन राज्यातील डेक्स्टर गावी झाला. त्या १४ वर्षांच्या असताना शिकागोतील नामांकित वकील असलेले वडील वारले. काही वर्षांनी भाऊही गेला. वडिलांच्या निधनानंतर त्या आईसह बॉस्टनला राहू लागल्या होत्या.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे ‘एमआयटी’त प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना आधी तीन वर्षे तयारीचे अभ्यासक्रम करावे लागले. तेव्हा विद्यार्थिनींनी टोपी घालण्याचा दंडक होता. पिसे लावलेली टोपी प्रयोगशाळेत पेट घेऊ शकते, असे सांगून त्यांनी हा नियम मानण्यास नकार दिला. १९०४ मध्ये त्यांनी जीवशास्त्राची पदवी मिळवली.

त्याच वर्षी शेती यंत्रांच्या उद्योगातील बड्या मॅककॉर्मिक घराण्यातील स्टॅन्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत स्टॅन्ली यांना गंभीर मानसिक आजार जडला. त्यांचे उर्वरित आयुष्य वैद्यकीय देखरेखीखाली गेले. मूल झाल्यास त्यालाही हा आजार होईल, या भीतीने कॅथरीन यांनी अपत्य होऊ दिले नाही, असे सांगितले जाते.

कपड्यांत शिवून काय आणले?

कॅथरीन महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या आणि राष्ट्रीय संघटनेच्या खजिनदार व उपाध्यक्ष झाल्या. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्याशी त्यांची १९१७ मध्ये ओळख झाली.

१८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यामुळे गर्भनिरोधक साधने आयात करणे किंवा टपालाने पाठवणे अमेरिकेत गुन्हा होता. गर्भाशयाच्या मुखावर बसवायची ‘डायफ्राम’ ही रबरी टोपी युरोपात मिळत असे. १९२० च्या दशकात कॅथरीन यांनी ती मोठ्या संख्येने विकत घेऊन नव्या कपड्यांत शिवून घेतली. अशा एक हजाराहून अधिक टोप्या त्यांच्या सामानातून सँगर यांच्या दवाखान्यासाठी अमेरिकेत पोहोचल्या.

याच काळात मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले होते. पुढे १९३५ मध्ये सँगर भारतात आल्या आणि वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध कायम राहिला.

गोळीसाठी पैसा कुठून आला?

१९४७ मध्ये स्टॅन्ली यांचे निधन झाले. वारसाहक्क आणि करांचा गुंता सुटत असतानाच, १९५० मध्ये, कॅथरीन यांनी सँगर यांना पत्र लिहून पैशाची सर्वाधिक गरज कुठे आहे, अशी विचारणा केली.

गरज संशोधनात होती. शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि मिन चुए चँग प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने बीजोत्सर्जन थांबवता येते का, हे तपासत होते. हा विषय वादग्रस्त असल्याने सरकार आणि औषध कंपन्या हात आखडता घेत होत्या. जून १९५३ मध्ये ७७ वर्षांच्या कॅथरीन पिंकस यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि ४० हजार डॉलरचा धनादेश देऊन आल्या. पुढे त्यांनी एकूण सुमारे २० लाख डॉलर दिले. जीवशास्त्र शिकल्यामुळे प्रगतीचा तपशील त्या स्वतः तपासत आणि काम लवकर पुढे नेण्याचा आग्रह धरत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एनोव्हिड’ ही गोळी १९५७ मध्ये मासिक पाळीच्या तक्रारींसाठी, तर १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून मंजूर केली.

या यशाची काळी बाजू कोणती?

मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधकांवर बंदी होती. त्यामुळे १९५६ मध्ये मोठी चाचणी प्वेर्तो रिकोमधील गरीब वस्तीत झाली. आपण प्रयोगाचा भाग आहोत, याची पुरेशी कल्पना तिथल्या महिलांना दिली गेली नाही. गोळीत संप्रेरकांची मात्रा आजच्या तुलनेत खूप जास्त होती. मळमळ, चक्कर, डोकेदुखीच्या तक्रारी येत होत्या. चाचणीवरील डॉ. एड्रिस राइस-रे यांनी दुष्परिणामांचा इशारा दिला, पण संशोधकांनी तो गांभीर्याने घेतला नाही. महिलांसाठीच्या या संशोधनात गरीब महिलांचे म्हणणे ऐकले गेले नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो.

वसतिगृहाने काय साधले?

एमआयटीत मुलींना प्रवेश होता, पण राहायला पुरेशी जागा नव्हती. जागाच नसल्याने प्रवेशही मोजकेच दिले जात. बॉस्टनमधील वसतिगृहातून येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी कॅथरीन यांनी टॅक्सीचा खर्च उचलला. पुढे परिसरातच वसतिगृह बांधण्यासाठी देणगी दिली. पतीच्या नावाचे ‘मॅककॉर्मिक हॉल’ १९६३ मध्ये सुरू झाले. जागेची सबब संपली आणि विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली. आज एमआयटीच्या पदवी अभ्यासक्रमांत जवळपास निम्म्या मुली आहेत.

आज त्यांची आठवण का?

२८ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी कॅथरीन यांचे निधन झाले. गोळीच्या इतिहासात पिंकस आणि सँगर यांची नावे पुढे राहिली. आपल्याकडे ‘माला-डी’, ‘माला-एन’ या गोळ्या घराघरांत माहीत आहेत. त्यांचे मूळ याच संशोधनात आहे. कॅथरीन यांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही.