समजून घ्या : नकली मासोळी बनवणारे लाउरी रापाला कोण होते?

वणी : वर्धा नदीत गांडूळ लावून गळ टाकणाऱ्याला कोकणच्या खाडीत जिताडा धरायचा असेल, तर ल्युअर म्हणजे नकली मासोळी लागते. दुकानात अशा अनेक पाकिटांवर ‘रापाला’ हे नाव दिसते. ते एका गरीब मच्छीमाराचे आडनाव आहे.

कसे जगले?
लाउरी रापाला यांचा जन्म १९०५ मध्ये फिनलंडमध्ये झाला. हिवाळ्यात लाकूडतोड आणि उन्हाळ्यात पाइयान्ने सरोवरात मासेमारी, यावर घर चाले. शेकडो गळांना आमिष लावण्यातच दिवस जाई.

काय शोधले?
मोठा मासा थव्यातल्या जखमी, डगमगत पोहणाऱ्या मासोळीवर झडप घालतो, हे त्यांनी होडीतून पाहिले. १९३६ मध्ये त्यांनी बूच कोरून मासोळी केली, चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर लेप दिला. तीही तशीच डगमगली. आमिषाचा वेळ वाचला, मासे वाढले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात माहिती छापून आली आणि मागणी पुरवणे कठीण झाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

खरेदी करताना काय पाहाल?
- आधी ल्युअर ठरवा, मग रॉड. किती ग्रॅमचा ल्युअर चालेल, ते रॉडवर लिहिलेले असते.
- हलका ल्युअर लांब फेकायला स्पिनिंग रील सोयीची. खाडीसाठी ३००० ते ४००० आकार पुरतो.
- खाऱ्या पाण्यातून आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवा.
- ल्युअर थांबत-थांबत ओढा. मासा रंगापेक्षा चालीला भुलतो, हेच रापालांनी ओळखले होते.